शूस्टर म्हणजे जोडे शिवणारा

प्रज्ञा आणि निखिल,

प्रज्ञाच्या शाळेत आपापल्या आडनावाची माहिती आणायला सांगितली आहे, असं परवा फोनवर कळलं. आडनाव कुठून आलं, त्याचा अर्थ काय आणि ते कितीसं आढळतं. "आजी, वहाणे मीन्स व्हॉट? डॅडी सेज आस्क यू," असं प्रज्ञानं विचारलं. उत्तर फोनवरच देता आलं असतं, पण मी म्हटलं, लिहून पाठवते. आपल्या आडनावाबद्दल बोलायचं तर मला आधी एका जर्मन आडनावाबद्दल बोलावं लागतं, आणि ते लावणाऱ्या माणसाबद्दल. तुम्ही इथून, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून अ‍ॅशबर्नला गेलात आणि मी इथेच राहिले, तेव्हा निखिल कडेवर होता. प्रज्ञाला कदाचित तो उंच म्हातारा आठवत असेल, जो आपल्या घरी आला की माणसांच्या आधी चपलांकडे बघायचा.

तो मनुष्य म्हणजे मिस्टर शूस्टर. त्यांचं पहिलं नाव मी लिहीत नाही, कारण ते कुणीच वापरत नसे. पोस्टमन, दातांचे डॉक्टर, चर्चमधल्या बायका, सगळे शूस्टरच म्हणायचे. आपल्या शेजारचं पांढऱ्या गराजचं घर त्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका मोटार कंपनीत गाड्यांच्या सीटचं डिझाइन करण्यात घालवली होती, आणि कुणाच्याही गाडीत बसले की सीटवरून हात फिरवून शिवण कशी आहे ते सांगत. तुमच्या बाबांनी नवी गाडी घेतली तेव्हा अभिनंदन करायच्या आधी ते म्हणाले, "पाठीमागची शिवण आळशी आहे. पण चालेल."

आपल्याकडे दाराशी चपला काढतात, हे त्यांना फार पसंत होतं. "आमच्याकडे माणूस जोड्यासकट घरात शिरतो, त्यामुळे जोड्याकडे कुणी बघतच नाही," ते म्हणायचे. "तुमच्याकडे जोडा दारात एकटा उभा राहतो. त्याला काहीच लपवता येत नाही." मग आपले लांब पाय दुमडून ते दाराशी बसत आणि एकेक जोडा उलटा करून तळवे तपासत. "हा कोणाचा? टाच बाहेरून झिजली आहे. याला सांगा, चालताना फोन बघत जाऊ नको." तो जोडा अर्थातच तुमच्या बाबांचा असायचा. तुमच्या आईला हा प्रकार सुरुवातीला मुळीच आवडत नसे. पाहुणे यायचे असले की ती चपला कपाटात टाकायची आणि शूस्टर आले की दुखावल्यासारखे रिकाम्या पायरीकडे बघत राहायचे.

त्यांचं खरं वेड आडनावं. सिनेमा संपला की लोक उठतात. हे तेव्हा खुर्चीत सरसावून बसत. पडद्यावर नावं वर सरकू लागली की यांचं सुरू. "बेकर. पाव भाजणारे. वॅग्नर, गाड्या बनवणारे. त्सिमरमान, सुतार. हा बघा, फोगेल, म्हणजे पक्षी. याचा पूर्वज गात असेल किंवा पक्षी पकडत असेल, कोण जाणे." मी त्यांच्याबरोबर एकदाच सिनेमाला गेले. थिएटर झाडायला आलेली मुलगी झाडू घेऊन उभी होती आणि हे तिच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून तिला सांगत होते की तिचे पूर्वज कोळसा पाडणारे होते. ती म्हणाली, "कूल." तेवढ्यावर ते घरी येईपर्यंत खूश होते.

आपल्या लोकांची आडनावं त्यांनी माझ्याकडूनच शिकून घेतली. सुतार, लोहार, कुंभार ऐकून त्यांना आनंदाचं भरतंच आलं. प्रत्येकासाठी त्यांच्याकडे जर्मन जोडीदार तयार होता. इंडियन ग्रोसरीत मी मेथी निवडत असताना ते काउंटरवरच्या पटेलभाईंना गावच्या प्रमुखाबद्दल प्रश्न विचारत, आणि मागे रांग वाढत जाई.

स्वतःच्या आडनावाबद्दल तर विचारायलाच नको. शूस्टर म्हणजे जोडे शिवणारा. त्यातला पहिला तुकडा जोड्याचा जुना जर्मन शब्द, दुसरा लॅटिनमधून आलेला, शिवणाऱ्यासाठीचा. दक्षिणेला, बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या बाजूला तो शूस्टर. ऱ्हाइन नदीकडे गेलात की तोच माणूस शूमाखर होतो. कुठे शूमान, कुठे शूबर्ट, कुठे नुसताच झाउटर. "सगळे एकाच बाकावर बसणारे," ते म्हणत. त्यांना एकच सल होता. जर्मनीत म्युलर आणि श्मिट, म्हणजे गिरणीवाले आणि लोहार, ही आडनावं शूस्टरपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. त्यावर त्यांनी स्वतःचं उत्तर काढलं होतं. गावात गिरणी एकच, म्हणून गिरणीवाला म्हटलं की माणूस ओळखता येई. जोडे शिवणारे मात्र गल्लीगल्लीत, मग त्या नावानं कुणाला ओळखणार? तेव्हा ज्यांची आडनावं कमी ते लोक जास्त होते, असं त्यांचं गणित. हे शास्त्राला धरून आहे की त्यांच्या सोयीचं, ते मला ठाऊक नाही. प्रज्ञा, शाळेत हे लिहिणार असशील तर "शेजाऱ्यांच्या मते" असं लिही.

मला त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तुमचे आजोबा गेल्यावर मी नागपूर सोडून इथे आले त्याच आठवड्यात. मी मेलबॉक्सपाशी उभी होते. ते बर्फातून तरातरा आले, पेटीवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "वहाणे. अर्थ काय?"

आडनाव विचारणारे लोक मी आयुष्यभर पाहिले होते. कॉलेजात इंग्रजी शिकवत असताना स्टाफरूममध्ये पाहिले, आगगाडीत पाहिले, लग्नघरांत पाहिले. त्यांना अर्थ नको असतो. तुम्हाला कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवायचं असतं. म्हणून मी उलट विचारलं, "तुम्हाला कशाला हवं?"

"कारण माणसांना वाटतं, आडनाव म्हणजे पदक," ते म्हणाले. "तसं काही नसतं. करवसुली करणारा कारकून दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तुमचा खापरपणजोबा काय करत होता, ते म्हणजे आडनाव. माझा जोडे शिवत होता. तुमचा?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांपर्यंत सगळे तेच करत होते. वहाण म्हणजे सँडल."

त्या थंडीत त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. तेव्हापासून रविवारचा चहा आपल्याकडे.

तुम्हाला हे नीट सांगून ठेवते. तुमचे पणजोबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात वहाणा शिवायचे. वहाणे आडनावाच्या दुसऱ्या घरांची हकीकत वेगळी असेल. आपली ही आहे. गावात आपल्या घराला चांभाराचं घर म्हणत, आणि तो शब्द तोंडातून कसा टाकत, ते मी तुम्हाला भेटीत सांगेन. पुढे त्यांनी बाबासाहेबांच्या मागे जाऊन धम्म स्वीकारला. घरातले देव काढले, मुलांना शाळेत घातलं, आणि मुलांच्या हाती आरी कधी दिली नाही. लोक म्हणाले, एवढं बदललं, आता आडनावही बदला. ते म्हणाले, "वहाण मी शिवली आहे, कुणाची चोरली नाही." मी सून म्हणून घरात आले तेव्हा त्यांनी हे मला सांगितलं, आणि मी इंग्रजीत एम.ए. झाले तेव्हा पदवीवर वहाणे हेच नाव आहे हे चष्मा लावून दोनदा वाचलं.

आता तुमच्या बाबांची गोष्ट. तुम्ही त्यांना डॅडी म्हणता. मी मिलिंदच म्हणेन. मिलिंद एका वर्षी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरत होता. त्या अर्जात नाव बदलून घ्यायची सोय असते. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "आई, मी मिलिंद प्रकाश असं नाव लावणार आहे. मुलांचंही नंतर तसंच करून घेऊ."

"प्रकाश तुझ्या वडिलांचं नाव आहे. आडनाव नव्हे."

"इथे चालतं, आई."

"इथे चालतं म्हणून करतोस, की तिथल्या लोकांसाठी करतोस?"

त्यानं पोळी खाली ठेवली. "तिथले लोक इथेच आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारतं, वहाणे म्हणजे नागपूरकडचे का? मी हो म्हणतो. मग तो म्हणतो, अच्छा, अच्छा. त्या दोन अच्छांनंतर काय होतं ते मला माहीत आहे. गप्पा वेदरवर येतात. पुढच्या गेट-टुगेदरला आपल्याला मेसेज यायचा राहून जातो. माझ्या पोरांना ते दोन अच्छा नकोत. दॅट्स इट."

"आणि तुझे आजोबा?"

"आजोबांनी त्यांचं ठरवलं. मी माझं ठरवतो."

तुमची आई दोघांच्या मध्ये पडली नाही. ती म्हणाली, "मला दोन्ही चालेल, पण रोज जेवताना हे नको." त्यामुळे आम्ही जेवताना बोलायचं थांबवलं आणि इतर वेळी बोलू लागलो. मी ठरवलं होतं की हे होऊ द्यायचं नाही. मिलिंदनं ठरवलं होतं की हे करायचंच. फॉर्मवर त्यानं नवं नाव भरूनही टाकलं आणि फॉर्म गेला. आता मुलाखतीला बोलावणं येईल तेव्हा अधिकारी ते पक्कं करून घेणार, एवढंच उरलं होतं.

शूस्टरनाही या बाबतीत लढावं लागलं होतं, हे मला त्यांच्या चहाच्या गप्पांतून हळूहळू कळलं. ते शूस्टर म्हणून जन्मलेच नव्हते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन माणसांवर फार राग होता. त्यांच्या आजोबांचं एका लहान गावात जोड्यांचं दुकान होतं. युद्धाच्या काळात त्यांनी आडनाव बदलून शेल्डन केलं. मुलगा शेल्डन, नातू शेल्डन. आमचे हे गृहस्थ शाळेत, कॉलेजात, लग्नात शेल्डनच होते. चाळिशीत त्यांना जुनं नाव कळलं आणि त्यांनी कोर्टात जाऊन ते परत लावून घेतलं. बायको म्हणाली, "तुला वेड लागलंय, पण माझ्याही लायसन्सवर घाल." भाऊ मात्र बिथरला. वडिलांच्या थडग्यावर शेल्डन आहे, तू कोण, असं त्यानं विचारलं, आणि त्यानंतर थँक्सगिव्हिंगला येणं बंद केलं. "माझे आजोबा भित्रे होते," शूस्टर म्हणायचे. हे वाक्य ते साखर मागावी तितक्या सहज म्हणत.

नाव परत मिळाल्याच्या आनंदात त्यांनी एक प्रथा सुरू केली. दर ऑगस्टमध्ये तळ्याकाठच्या पार्कात शूस्टर लोकांची पिकनिक. रक्ताचं नातं असण्याची अट नाही. शूस्टर, शूमाखर, शूबर्ट, कुणीही यावं. इंग्रजीत शूमेकर झालेल्यांनाही मुभा. फोन करकरून ते माणसं गोळा करत. त्यात वकील असायचे, नर्स असायच्या, एक विमा विकणारे गृहस्थ होते. नियम एकच. जेवणाआधी प्रत्येकानं एका बुटक्या तिपाईवर बसायचं, गुडघ्यांत कातड्याचा तुकडा धरायचा, आरीनं भोक पाडायचं आणि एक टाका घालायचा. टाका घातल्याशिवाय सॉसेज नाही. त्या कातड्याचं पुढे काय करता, असं मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही. तो शिवण्यासाठीच आहे."

त्या वर्षी त्यांनी आपल्याला बोलावलं. मिलिंदला वाटलं, शेजाऱ्याचं बार्बेक्यू आहे. तिथे पोचल्यावर दिसलं की शूस्टरनी आपल्या गल्लीतली सगळी मराठी घरंही बोलावली आहेत. का, तर पाहुणे म्हणून, कौतुक बघायला. जोशी होते, देशपांडे होते, समोरच्या घरातली शुभांगी कुलकर्णी नवऱ्याबरोबर आली होती, कोशिंबिरीचा मोठा डबा घेऊन.

सगळे जमल्यावर शूस्टर बाकावर उभे राहिले. त्यांच्या हातात भोंगा होता. "मित्रांनो," ते म्हणाले, "आज आपल्या इतिहासातला मोठा दिवस आहे. आतापर्यंत आपण सगळे एका खंडातले होतो. आज भारतातले शूस्टर आले आहेत. हे वहाणे कुटुंब. यांचे आजोबा, पणजोबा, सगळे जोडे शिवत होते. आपल्यापेक्षा जुने कारागीर! टाळ्या!"

टाळ्या कडकडून झाल्या. विमेवाले गृहस्थ तर शिट्टी वाजवत होते. मी मराठी घरांकडे पाहिलं. ती माणसं टाळ्या वाजवत होती, पण खाली बघून. देशपांड्यांना एकाएकी कोळशाच्या शेगडीत काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मिलिंदचा चेहरा पांढरा पडला होता. प्रज्ञा, तू त्याच्या खांद्यावर बसली होतीस आणि टाळ्या पिटत होतीस.

तेवढ्यात शुभांगी माझ्याजवळ आली. माझ्या दंडावर हात ठेवून हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही मनावर घेऊ नका हं. त्यांना काय कळतंय आपल्यातलं."

मुलांनो, शुभांगी चांगली मुलगी आहे. मी पडले होते तेव्हा तिनंच मला इमर्जन्सीला नेलं. ते वाक्य तिनं मायेनंच म्हटलं, यात मला शंका नाही. पण तिथे एक माणूस भोंग्यातून आमचा मान करत होता, आणि ती माझं सांत्वन करत होती.

"मनावर कशाला घेऊ?" मी म्हटलं. "त्यांनी काही वाईट सांगितलं का?"

"नाही, तसं नाही काकू... म्हणजे, सगळ्यांसमोर..."

"मला तर आवडलं," मी म्हटलं, आणि पदर खोचून तिपाईवर जाऊन बसले.

मला आरी धरताही येईना. माझं सगळं आयुष्य खडू धरण्यात गेलेलं. कातडं इतकं चिवट असतं हे मला त्या दिवशी कळलं. दोनदा आरी घसरली. शेवटी एकदाचा टाका पडला, पण तिरका. शूस्टरनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"भयंकर," ते म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांनी तुम्हाला कामावरून काढलं असतं."

"माझ्या सासऱ्यांनी मला कामावर घेतलंच नसतं," मी म्हटलं. "त्यांनी मला पुस्तकं आणून दिली."

"मिलिंद! आता तू," त्यांनी हाक मारली. मिलिंद नव्हता. प्रज्ञा, तुला आईच्या कडेवर देऊन तो गाडीत जाऊन बसला होता.

घरी येताना तो एकच वाक्य बोलला. "सगळ्यांना भोंग्यावरून सांगायची काय गरज होती?" मी म्हटलं, "त्यांना कसं कळणार की हे लपवायचं असतं?" त्यावर त्यानं रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी शूस्टर कातड्याचा तुकडा घेऊन आले, मिलिंदचा टाका राहिला म्हणून. मिलिंदनं त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. गावात त्या कामाला काय समजत, त्या नावावरून माणसाला पाण्यापासून कसं लांब ठेवत, इथे नोव्हायमध्येही आडनाव ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर काय येतं. तो इंग्रजीत, ऑफिसात प्रेझेंटेशन करावं तसा शांतपणे बोलत होता. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला होता आणि आत्ता शूस्टर त्याला कसे सुनावतात ते ऐकायला कान लावून उभी होते.

शूस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणं तुझं काम होतं. मी ते तुझ्याकडून काढून घेतलं. चूक माझी." पुढे म्हणाले, "माझ्या आजोबांच्या दुकानाच्या दारावर लोकांनी देशद्रोही म्हणून पिवळा रंग फासला होता. आत माझे वडील होते, लहान पोर. मी इतकी वर्षं त्या म्हाताऱ्याला भित्रा म्हणत आलो. दाराच्या आत उभं राहून मी कधी बघितलंच नाही."

"म्हणजे?" मिलिंदनं विचारलं.

"म्हणजे बदलायचं असेल तर बदल. मी तुला कोण सांगणार? फक्त तू स्वतः बदल. ते लोक तुझ्याकडून बदलून घेतायत, असं होऊ देऊ नको."

माझा चहा उतू गेला. मी तशीच बाहेर आले. "मिस्टर शूस्टर," मी म्हटलं, "मी तुम्हाला माझ्या बाजूचे समजत होते."

"मी कुणाच्या बाजूचा नाही, मिसेस वहाणे. मी शूस्टर आहे."

"मग आज चहा मिळणार नाही."

"फेअर," ते म्हणाले आणि उठले. जाताना दाराशी वाकून मिलिंदचा डावा जोडा त्यांनी उजव्याशेजारी नीट लावून ठेवला.

मी अबोला धरला. रविवारचा चहा बंद. थंडी पडली, बर्फ आलं. सकाळी उठून पाहावं तर आपल्या ड्राइव्हवेवरचं बर्फ साफ झालेलं असायचं. यंत्र घेऊन ते आधी आपलं आणि मग स्वतःचं अंगण मोकळं करत. मी खिडकीतून बघायची. ते वर बघायचे, टोपीला हात लावायचे. मी पडदा ओढून घ्यायची. तुमची आई म्हणायची, "आई, तुमचं दोघांचं शाळेतल्या पोरांसारखं चाललंय." खरं म्हणजे मला त्यांचा राग त्यांनी मिलिंदला मोकळं सोडलं म्हणून आला होता. मिलिंदशी भांडायला आता माझ्या बाजूनं माणूसच उरला नव्हता. त्यालाही भांडायला कुणी उरलं नव्हतं. घरात आडनावाचा विषय निघेनासा झाला. निर्णय त्याच्या एकट्याच्या हातात जाऊन बसला.

मुलाखतीचा दिवस आला. तो सकाळीच डेट्रॉइटला गेला. मी दिवसभर कपाटं आवरली. तो परत आला, दाराशी बूट काढू लागला.

"काय झालं?"

"झालं. पास."

"आणि?"

तो बुटाची नाडी सोडत राहिला. "ऑफिसरनं विचारलं, तुम्ही नाव बदलून मागितलं आहे, बरोबर? मी येस म्हणायला तोंड उघडलं, आणि मला शुभांगी आठवली. मनावर घेऊ नका म्हणाली होती ना तुला, तू घरी येऊन हिला सांगत होतीस, मी ऐकलं होतं. आई, मी जर येस म्हटलं असतं ना, तर ती बरोबर ठरली असती. म्हणजे त्यात मनावर घेण्यासारखं काहीतरी होतं, असं मीच सही करून दिलं असतं."

"मग काय म्हणालास?"

"नो म्हटलं."

"एवढंच?"

"त्यानं कन्फर्म करायला परत विचारलं. मी परत नो म्हटलं. जरा मोठ्यानं निघालं."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, तसलं आमच्यात नाही. मी आत जाऊन चहा टाकला आणि शूस्टरना फोन केला. ते आले, ऐकलं, खुर्चीत बसले आणि चकली मागितली. अभिनंदन वगैरे काही नाही. चकली खाऊन झाल्यावर म्हणाले, "म्हणजे पुढच्या ऑगस्टपर्यंत दोघांना टाका शिकावा लागेल. तुमचा तर मला अजून दिसतो डोळ्यांसमोर."

आम्ही शिकलो. मिलिंदचा टाका सरळ येतो. माझा येत नाही. गेल्या हिवाळ्यात शूस्टर गेले. पिकनिक आता ते विमेवाले गृहस्थ भरवतात, भोंग्याशिवाय. मी जाते.

शपथविधीचा दिवस मात्र सांगायचा राहिला. डेट्रॉइटमधल्या मोठ्या सभागृहात देशोदेशीची माणसं हात वर करून उभी होती. शूस्टर कोट घालून आमच्याबरोबर आले होते आणि मिलिंद प्रकाश वहाणे असं पूर्ण नाव पुकारल्यावर त्यांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की रक्षकानं त्यांना खाली बसायला सांगितलं. बाहेर पायऱ्यांवर फोटो काढत असताना एक तरुण जोडपं जवळ आलं. त्यांचीही शपथ झालेली होती, हातात छोटे झेंडे होते.

"मराठी ना तुम्ही?" तो मुलगा आनंदानं म्हणाला. "आत ऐकलं नाव. काय म्हणाले ते, वहाणे? म्हणजे नागपूरकडचे का?"

मी मिलिंदकडे पाहिलं. तुमच्या आईनंही पाहिलं.

"भंडाऱ्याकडचे," मिलिंद म्हणाला. "माझे आजोबा वहाणा शिवायचे, त्यांचे वडीलही. त्यावरून वहाणे. तुमचं आडनाव?"

त्या मुलानं आपलं आडनाव सांगितलं.

"अच्छा. आणि तुमचे काय करायचे?"

मुलगा बायकोकडे बघून हसला. झेंडा या हातातून त्या हातात घेतला. "खरं सांगू का," तो म्हणाला, "आम्हाला हे कधी कुणी विचारलंच नाही."